दुसरी खळगी

चंद्राच्या पलीकडच्या बाजूकडून आलेल्या आलेखात दुसरी खळगी दिसली, त्या दुपारी तमोवेध प्रकल्पाच्या कँटीनमध्ये सगळ्यांना जिलेबी वाटली गेली. शलाका निरगुडेने आपल्या वाट्याची जिलेबी खाल्ली. गोड होती, एवढंच तिच्या लक्षात आलं.

“अगं, हस की जरा!” प्रकल्पप्रमुख डॉ. रेहाना मुजावर तिच्यासमोर येऊन बसल्या. “तुझ्या सासऱ्यांची थिअरी खरी ठरतेय. लोकांनी उभा जन्म ज्यांना वेड्यात काढलं ते सर! मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते तेव्हा सगळे मला सांगायचे, गाइड बदल, नाहीतर नोकरी मिळायची नाही.”

“त्यांना कळलं?”

“मीच फोन केला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाले, ‘रेहाना, आलेख पाठव.’ बस्. कोणी अभिनंदन केलं तर काय बोलायचं, हेसुद्धा विसरलेत बघ.”

“अजून पेटी उघडायचीय, मॅडम.”

“माहितीये गं बाई. पेटी उघडेपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही. पण जिलेबी खायला काय हरकत आहे?”

शलाकाने मान डोलावली. पेटीत काय आहे ते तिला माहीत होतं. इथे फक्त तिलाच माहीत होतं. दुसरी खळगी खोटी होती आणि ती शलाकानेच घातली होती.

*

विश्वाला सुरुवात होती का, या प्रश्नाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरीच वळणं घेतली. आधी शास्त्रज्ञांना विश्व स्थिर वाटायचं, कायमचं आहे तसंच. मग दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत असं दिसलं. बेल्जियममधल्या एका धर्मगुरूने, जो गणितही उत्तम जाणत होता, साधा विचार केला: आज सगळं पांगत असेल, तर काल ते जवळ असणार, आणि मागे जात राहिलं तर कधीतरी सगळं एकाच ठिकाणी असणार. ‘महास्फोट’ हे नाव पुढे एका विरोधकाने रेडिओवर बोलताना उडवून लावल्यासारखं दिलं आणि तेच चिकटलं. विरोधकांचं म्हणणं असं, की विश्व पसरतं खरं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं. म्हणून विश्व नेहमी सारखंच दिसतं, त्याला आरंभ नाही. हा वाद बरीच वर्षं चालला. शेवटी आकाशाच्या प्रत्येक बाजूने सारखीच येणारी एक मंद रेडिओ खरखर सापडली. ती एकेकाळच्या तापलेल्या, दाट विश्वाची उरलेली ऊब होती. वाद बहुतेक मिटला.

पण पूर्ण मिटला नाही, कारण अगदी पहिल्या क्षणाशी पोचलं की समीकरणं काम करेनाशी होतात. त्या क्षणाच्या एका अतिसूक्ष्म अंशात विश्व अफाट वेगाने फुगलं, अशी कल्पना पुढे आली आणि तिने पुष्कळ कोडी सोडवली. फुगण्याच्या आधी काय होतं, ते कोडं मात्र तसंच राहिलं.

प्रा. भालचंद्र निरगुडे, म्हणजे शलाकाचे सासरे नाना, यांचं उत्तर होतं की सुरुवात अशी नव्हतीच. आधीचं विश्व आकसत आलं, दाटीच्या एका मर्यादेपर्यंत पोचलं, आणि जमिनीवर आपटलेला चेंडू उसळावा तसं उसळून पुन्हा पसरू लागलं. असं म्हणणारे जगात आणखीही लोक होते. पण त्या उसळीची खूण कुठे शोधायची, हे नानांनी तरुणपणी एका पेपरात नेमकं लिहून ठेवलं होतं.

ती जागा म्हणजे विश्वाचं अंधारयुग. पहिली ऊब निवल्यानंतर पहिला तारा पेटेपर्यंत विश्वात उजेड नव्हता, नुसता थंड हायड्रोजन पसरलेला होता. हा हायड्रोजन एकवीस सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी शोषतो. त्या लहरी विश्वाबरोबर ताणल्या जात आज कित्येक मीटर लांब झाल्या आहेत. पृथ्वीवर त्या ऐकता येत नाहीत. आपल्या वातावरणाचा वरचा थर त्यांना अडवतो आणि माणसांच्या यंत्रांची बडबड त्यांना बुडवून टाकते. म्हणून चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथे यंत्रमानवांनी तारांचं जाळं अंथरलं. तिथला डेटा पुण्यात पाषाणच्या टेकडीमागे तमोवेधच्या इमारतीत येऊ लागला. आलेखात एक रुंद दरी दिसणार, हे सगळ्यांनाच मान्य होतं. नानांचं भाकीत असं, की विश्व उसळलं असेल तर त्या दरीशेजारी आणखी एक छोटी खळगी दिसेल.

अशा कामात सगळ्यात मोठी भीती स्वतःची असते. हवी असलेली गोष्ट माणसाला दिसायलाच लागते. आकाशगंगेचा गोंगाट या सिग्नलपेक्षा लाखो पटींनी मोठा. तो वजा करताना हात जरा इकडेतिकडे झाला की नसलेलं दिसतं, किंवा असलेलं पुसलं जातं. पूर्वी एका गटाने आकाशगंगेतल्या धुळीलाच विश्वारंभाची खूण समजून जगभर जाहीर केलं होतं. म्हणून तमोवेधने एक राखणदार नेमला होता. राखणदार कोण, हे प्रकल्पाबाहेरच्या तिघांच्या मंडळाशिवाय कोणाला माहीत नसे. संगणकात आजवर छापून आलेल्या प्रत्येक सिद्धान्ताचा आलेख होता आणि तेवढ्याच कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. राखणदाराने कळ दाबायची. कोरी चिठ्ठी निघाली तर काही करायचं नाही. एखादा सिद्धान्त निघाला, तर त्याचा खोटा सिग्नल कच्च्या डेटात मिसळायचा, काय निघालं त्याची नोंद मोहोरबंद पेटीत ठेवायची आणि गप्प बसायचं. गटाने सगळं विश्लेषण पूर्ण करून आता काही बदलणार नाही असं सांगितलं, की मगच पेटी उघडायची. चिठ्ठी पुन्हा काढायची मनाई होती, कारण पुन्हा काढणं म्हणजे निवड करणं.

शलाकाचा नवरा, नानांचा मुलगा कौस्तुभ जाऊन थोडेच महिने झाले असताना मंडळाने तिला राखणदार केलं. ती तेव्हा कोणाशीच बोलत नसे. बहुधा तेच त्यांना योग्य वाटलं असावं. तिने स्वतःहून सांगितलं, की माझे सासरे एका सिद्धान्ताचे जनक आहेत. मंडळाचे अध्यक्ष जरा घुटमळले आणि म्हणाले, “तो सिद्धान्त आता कोणी स्पर्धेत धरत नाही, मॅडम.”

तिने कळ दाबली. पडद्यावर नाव आलं: निरगुडे. तिने थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि पुढची कळ दाबली. तिला काही वाटलं नाही. कौस्तुभच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली त्या सकाळपासून तिला कशाचंच काही वाटत नसे. भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त दिसल्यावर कळायचं.

*

जिलेबीच्या दिवशी ती घरी आली तेव्हा नानांचा फोन वाजतच होता. स्वयंपाकाच्या छायाताई पदर खोचून दारातच उभ्या होत्या.

“बघा तरी तुमच्या नानांना! दाढी केलीय. वर्षभर माझी भाजी चिवडत होते, आज दोनदा मागून घेतली.”

“छायाबाई, तुमची भाजी आजही तशीच होती,” नाना आतून म्हणाले. “आज भूक वेगळी होती.”

“ऐकलंत? कौतुक म्हणून करायचं नाही!”

नाना बाहेर आले. पांढरा सदरा, ओले केस. शलाकाने चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि विचारलं, “जेवलात का?”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. “जेवलो,” ते म्हणाले. “तू बस. मी वाढतो.”

कौस्तुभ गेल्यापासून या घरात दोन माणसं दोन खोल्यांत राहत होती. जेवणं वेगवेगळ्या वेळी होत. त्याचं नाव कोणी काढत नसे, आणि त्याचं नाव टाळून बोलायचं तर बोलण्यासारखं फारसं काही उरत नव्हतं. त्या दिवसापासून नाना तिच्यासाठी थांबू लागले. ताटावर बसले की बोलत.

“ती खरखर ज्यांना सापडली ना, त्या दोघांना आधी वाटलं आपला अँटेना बिघडलाय. आत कबुतरांनी घरटं केलेलं. यांनी कबुतरं हाकलली, शीट खरवडून काढली, सगळं चकचकीत केलं. खरखर आहे तशीच. विश्वाचा आरंभ आणि हे बसलेत फडकं मारत!”

“मग?”

“मग काय? नोबेल मिळालं. कबुतरांना कोणी विचारलं नाही.”

छायाताई ओट्यापाशी हसल्या. शलाका जेवत राहिली. नाना बोलताहेत, भात संपवताहेत, हे ती पाहत होती. हे आपण केलंय, असंही तिच्या मनात आलं. पेटी उघडेल तेव्हा जे होईल तेही आपणच केलेलं असेल. दोन्ही विचार शेजारी शेजारी पडून राहिले.

महिनाअखेरीस ती त्यांना डॉ. लोखंड्यांकडे घेऊन गेली. नानांच्या हृदयाची एक झडप दगडासारखी कडक झाली होती. जिना चढताना त्यांना अंधारी यायची. लोखंड्यांनी पडद्यावर ती झडप दाखवली.

“छाती उघडायची गरज नाही. मांडीच्या शिरेतून नवी झडप नेतो. पुढच्या आठवड्यात करून टाकू.”

“पेटी उघडल्यावर करू,” नाना म्हणाले.

“कसली पेटी?”

“उन्हाळ्यात उघडणार आहे. तोवर मला डोकं साफ हवंय. भूल-बिल नको.”

लोखंडे शलाकाकडे वळले. ती पडद्यावरची झडप बघत होती. ते पुन्हा नानांना म्हणाले, “सर, विश्व एवढी अब्जावधी वर्षं थांबलंय, ते आणखी थांबेल. तुमची झडप नाही थांबणार. या आजारात माणूस बोलता बोलता जातो. स्पष्ट सांगतो, उन्हाळा दिसेलच असं नाही.”

“विचार करतो,” नाना म्हणाले आणि उठले.

गाडीत शलाकाने एकदाच विचारलं, “नाना, करून घेतलं तर?”

“पेटी उघडल्यावर.”

ती गाडी चालवत राहिली. पेटीत यांच्यासाठी काहीच नाही, हे फक्त तिला माहीत होतं. आणि ते सांगितलं तर तीनशे माणसांचं काम आंधळं, म्हणजे उत्तर माहीत नसताना केलेलं, राहणार नव्हतं. डेटा अर्ध्यावर उघडावा लागला असता. पुढे काहीही सापडलं तरी बाहेरचे गट म्हणाले असते, तुमच्यातल्या एकाला आधीच माहीत होतं. तिने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. कुठलीच जड लागेना. तिला काही जडच लागत नव्हतं. म्हणून ती काहीच न करता दिवाळीपर्यंत आली.

*

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉम केला. “ताई, खाली या. आजोबा बसलेत.”

नाना पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. वॉचमन वर्तमानपत्राने वारा घालत होता.

“काही नाही,” नाना म्हणाले. “जरा अंधारी आली.”

“पडलेच होते हो,” वॉचमन म्हणाला. “मी धरलं म्हणून.”

तिने त्यांना लिफ्टने वर आणलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. तिने त्यांचा हात धरला तेव्हा तो थंड होता. कौस्तुभचाही असाच होता. ही आठवण तिला बऱ्याच दिवसांनी झाली. ती समोरच्या खुर्चीत बसली.

“नाना, ऑपरेशन करून घ्या.”

“सांगितलंय ना, पेटी—”

“पेटीत तुमचाच आलेख आहे. मी घातलाय. राखणदार मी आहे. ती खळगी खरी नाही.”

आपला आवाज तिला बसवरची पाटी वाचल्यासारखा वाटला. नानांनी पेला खाली ठेवला. काठावर सांडलेलं पाणी बोटाने पुसलं.

“माहितीये,” ते म्हणाले.

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती तीनदा बंद पडली.

“काय माहितीये?”

“खोटी आहे ते. रेहानाने आलेख पाठवला त्याच दिवशी कळलं. खळगी चुकीच्या जागी आहे.”

“तुमच्या पेपरात आहे तिथेच आहे.”

“तेच तर. पेपरात चूक आहे.” नाना ताठ बसले, आजारपण विसरून शिकवायला लागले. “तो लिहिला तेव्हा आम्ही धरून चाललो होतो, की साधं द्रव्य आणि अदृश्य द्रव्य सुरुवातीला एकाच वेगाने चालत होतं. तसं नव्हतं. एकातून दुसरं वाऱ्यासारखं वाहत होतं. हे पुढे दुसऱ्यांनी दाखवलं. तो वारा धरला, तर माझी खळगी डावीकडे सरकते आणि उथळ होते. मी गणित पुन्हा केलं होतं.”

“छापलं नाहीत?”

“कोण वाचणार होतं? जुना पेपर तरी कोणी वाचला होता?” ते किंचित हसले. “आता मला सांग, माझी चूक निसर्गाला कशी माहीत असणार? तो खळगी पाडेल तर बरोबर जागी पाडेल. ही माझ्या पेपरातूनच उचललेली आहे.”

“आणि मी? माझं कसं कळलं?”

“त्या दिवशी प्रकल्पातल्या प्रत्येकाचा फोन, अभिनंदन, अभिनंदन. कँटीनवाल्यानेसुद्धा केला. तू आलीस आणि विचारलंस, जेवलात का.”

शलाकाने खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, “मग थांबलात कशासाठी? खोटं आहे हे माहीत असून डॉक्टरांना उन्हाळा का सांगितलात?”

“तुझी खळगी वजा होईल तेव्हा तिच्या डाव्या अंगाला काय उरतं, ते मला बघायचं होतं. आता तिथे तुझी सावली पडलीय, त्यामुळे काही दिसत नाही. बरोबर जागी खरी खळगी असेल तर तिथे असेल. ती दिसल्याशिवाय गुंगीत जायचं नव्हतं. परत आलो नसतो तर?”

“आणि ऑपरेशनशिवाय उन्हाळ्याआधी गेला असता तर?”

नानांनी पेला जरा बाजूला सरकवला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, “दुसरंही एक होतं. घरात बोलणं व्हायला लागलं होतं. पेटी उघडली, की तू तुझ्या खोलीत, मी माझ्या. खोट्या सिग्नलवर का होईना, चाललं होतं. म्हटलं चालू दे.”

ती उठली. पेला स्वयंपाकघरात नेऊन विसळला आणि परत आली.

“मला मॅडमना कळवावं लागेल.”

“कशाला? मला आधीपासून माहीत होतं. तू काही फोडलेलं नाहीस.”

“तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. मी सांगितलं.”

नानांनी विचार केला. एखाद्या विद्यार्थ्याने काढलेली चूक तपासावी तसा. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “तुझं काम जाईल.”

“जाईल.”

“रेहाना चिडेल.”

“चिडतील. पण पेटी लगेच उघडावी लागेल. उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कारण उरणार नाही तुम्हाला.”

नानांनी पाठ खुर्चीला टेकवली. “कौस्तुभने तुला सांगितलं नव्हतं का, मी किती हट्टी आहे ते?”

त्याचं नाव खोलीत आलं आणि कोणी त्याच्यापासून दूर सरकलं नाही.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “लोखंड्यांना फोन लावते.”

*

डॉ. मुजावरांनी सगळं उभ्यानेच ऐकलं.

“सहा महिने, शलाका! फक्त सहा महिने तोंड बंद ठेवता आलं नाही?”

“सरांचं ऑपरेशन अडलं होतं.”

“मग मला येऊन सांगायचंस! मी त्यांना दरडावलं असतं, पाया पडले असते—”

“तुम्हालाही सांगायचं नव्हतं, मॅडम. कोणालाच नाही. तोच नियम होता.”

“आणि सर नसते, दुसऱ्या कोणाचे वडील असते तर तोडला असतास नियम?”

“माहीत नाही,” शलाका म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

मुजावर खुर्चीत बसल्या. डोळ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, “अर्ध्या डेटावर बोलायचं आता. लोक सोलून काढतील आम्हाला. तू राखणदार राहणार नाहीस, डेटालाही हात लावायचा नाही. हे मी चिडून म्हणत नाहीये.”

“कळतंय.”

“चिडलेलीपण आहे.” त्यांनी हात काढला. “घरी आणखी कोण आहे तुमच्या?”

“आम्ही दोघंच.”

 फोन उचलून मुजावरांनी मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर लावायला सांगितलं.

*

पेटी शुक्रवारी सकाळी उघडली. सभागृहात नाना पहिल्या रांगेत बसले होते, शलाका त्यांच्या शेजारी. मागच्या रांगांत कुजबुज होती. जिलेबी वाटणारे आज कोणी डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

अध्यक्षांनी पडद्यावरून जाहीर केलं, की खोटा सिग्नल घातला होता, आणि कोणता ते सांगितलं. मागून एक लांब “अरेरे” ऐकू आला. मग संगणकाने तो सिग्नल वजा करायला घेतला. दुसरी खळगी हळूहळू भरत आली, जमिनीवरचा खड्डा मातीने बुजवावा तशी. सगळे ती बुजताना बघत होते.

नाना तिकडे बघत नव्हते. ते खळगीच्या डावीकडे, जिथे अजून कोणाचंच लक्ष नव्हतं, तिथे बघत होते. शलाकाही तिथेच बघू लागली. तिच्या लक्षात आलं, की आपले हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेलेत. खळगी हवी होती. तिला ती हवी होती.

रेघ स्थिर झाली. दरी होती, सगळ्या पुस्तकांत असते तशी. डावीकडे रेघ सपाट होती. उथळसुद्धा काही नाही.

“आणखी डेटा आला असता तर?” ती पुटपुटली.

“एवढ्यात दिसायला हवी होती,” नाना म्हणाले. “एवढा डेटा पुरतो. मी हिशेब केला होता.” ते आणखी थोडा वेळ सपाट रेघेकडे बघत बसले. “नाही आहे.”

मुजावर जवळ येऊन वाकल्या. “सर...”

“रेहाना, यंत्र फार चांगलं चालतंय तुझं,” नाना म्हणाले. “खोटं घातलेलं इतकं स्वच्छ निघून आलं. बाकीच्यांना मान्य करावं लागेल.” आणि उठायला त्यांनी शलाकाचा खांदा धरला.

घरी जाताना ती म्हणाली, “मग आधी काहीच नव्हतं?”

“तसं कोणी सिद्ध केलेलं नाही. मी म्हणत होतो तसं नव्हतं, एवढंच कळलं.” सिग्नलला गाडी थांबली. नाना समोरच्या टेंपोकडे बघत होते. “एवढ्यासाठी जन्म गेला. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. तुला असं होतं का?”

“रोज,” शलाका म्हणाली.

*

ऑपरेशनच्या दिवशी नाना हिरव्या झग्यात पलंगावर पडले होते. न्यायला अजून कोणी आलं नव्हतं. शलाका स्टुलावर बसली होती.

“त्या दिवशी सिग्नलला समोर टोमॅटोचा टेंपो होता,” नाना एकदम म्हणाले. “कौस्तुभ सहा-सात वर्षांचा असताना आम्ही नारायणगावच्या बाजूला राहायचो. दुर्बिणीच्या वसाहतीत. शेजारच्या मळ्यातून टोमॅटोचे टेंपो भरून जायचे. एक दिवस हा शाळेतून आला नाही. शोधतो तर रस्त्यात याची एक चप्पल.”

शलाका त्यांच्याकडे बघू लागली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. कौस्तुभने सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाच आठवत नसेल.

“चप्पल हातात घेऊन मी मळ्याकडे धावलो. त्याची आई विहिरीकडे पळाली. आणि मळेवाला म्हणतो, आत्ताच टेंपो—”

“चला आजोबा,” दोन वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आत आले. “बाकीची ष्टोरी नंतर सांगा.”

नानांनी तिच्याकडे बघून हात जरासा उचलला आणि गाडी दारातून गेली.

ती बाहेरच्या बाकावर बसली. समोर टीव्ही आवाज बंद करून लावलेला होता. तिला वाटलं होतं, आता आपण नेहमीसारखे रिकामे बसू. पण चप्पल डोळ्यांपुढून जाईना. एकच का पडली? टेंपो कुठे गेला? कोणाला सापडला? आपण त्याला ओळखायच्या किती तरी आधी तो टोमॅटोंच्या टेंपोत बसून कुठे निघाला होता, आणि हे फक्त आत असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं. नानांना काही झालं तर हे कधीच कळणार नाही. तिला भीती वाटली. इतकी, की ती उठून उभी राहिली. पुन्हा बसली. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कोण आहे आत?” “वडील,” ती म्हणाली.

लोखंडे टोपी काढत बाहेर आले. “झडप बसली. उत्तम चालतेय. जाऊन भेटा, पण जास्त बोलायला लावू नका.”

नानांचे ओठ कोरडे पडले होते. तिने बोळ्याने पाणी लावलं. त्यांनी डोळे उघडले.

“नाना, चप्पल रस्त्यात पडली होती. मग?”

“कसली चप्पल?”

“कौस्तुभची. मळेवाला म्हणाला, आत्ताच टेंपो—”

“हां.” त्यांना आठवायला वेळ लागला. “टेंपोत मागे चढून बसला होता तो. टेंपो सुरू झाला, उतरता येईना. मग याने डोकं चालवलं. बाबा शोधत येतील म्हणून दर वळणावर एकेक टोमॅटो टाकत गेला.”

“आणि तुम्ही गेलात त्या टोमॅटोंच्या मागे?”

“मी?” नानांच्या गालाला जरा खळी पडली. “मी टेंपो आळेफाट्याकडे गेला असणार, असं तर्काने ठरवलं. सायकल काढली आणि तिकडे, म्हणजे नेमका उलट्या बाजूला, गेलो.”

“मग सापडला कोणाला?”

“त्याच्या आईला. विहिरीवरून परत आली, रस्ता बघितला, आणि चालत सुटली. बाजार समितीत क्रेटवर बसला होता. लोकांनी भेळ दिलेली.”

“आणि तुम्ही?”

“मी संध्याकाळी परत आलो. तोवर तो झोपलेला. बोलणी मला बसली.”

शलाकाला हसू आलं. आवाज मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या खाटेपाशी उभी असलेली नर्स वळली.

“ताई, पेशंटला बोलायला लावू नका.”

“एकच विचारते,” शलाका म्हणाली. तिने स्टूल खाटेला लावलं आणि आवाज उतरवला. “नाना, तुम्ही उलट्या बाजूला गेला होतात हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तेव्हा काय म्हणाला तो तुम्हाला?”